आई, आरव्ही आणि टाकी कोण रिकामी करणार

आरव्हीनं, म्हणजे आतच झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेल्या लांबलचक गाडीनं, फिरायला जायचं हे खूळ दादाचं. माझा मोठा भाऊ मिशिगनमध्ये ट्रॉयला राहतो, गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर आहे, आणि चाकं असलेल्या कुठल्याही वस्तूवर त्याचा जीव जडतो. मी ॲरिझोनात, चँडलरला. कित्येक वर्षांत आम्ही भावंडं चार दिवस सलग एका छपराखाली राहिलो नव्हतो. फोनवर बेत ठरायचा आणि कुणाच्या तरी रजेपायी फिसकटायचा. या वेळी फिसकटून चालणार नव्हतं, कारण आई आलेली होती.

आई चौऱ्याहत्तर वर्षांची. बाबा गेल्यापासून साताऱ्याला एकटी राहते. उन्हाळ्यात ती घरात चक्कर येऊन पडली. शेजारच्या काकूंनी उचललं, सगळ्या तपासण्या झाल्या आणि काहीच निघालं नाही. काही निघालं नाही हे ऐकून मला हायसं वाटलं, दादाची मात्र झोप उडाली. हृदयाचंच काहीतरी आहे, डॉक्टरांना सापडत नाहीये, असं त्याच्या डोक्यानं घेतलं. आई इकडे पोचल्यावर त्यानं मला फोनवर सांगूनच टाकलं की तिला आता परत पाठवायचं नाही. ट्रॉयच्या घरात खालची खोली तयार होती, साताऱ्याचं घर कुलूप लावून ठेवायचं होतं. आई एवढंच म्हणाली की परतीचं तिकीट काढलेलं आहे, तेव्हाचं तेव्हा बघू. मी आपली दोघांच्या मध्ये. शेवटी ठरलं असं की आधी सगळ्यांनी मिळून ट्रिप करायची. एवढ्या प्रवासात आईला काही झालं नाही तर तिकीट राहील, झालं तर दादाचं ऐकायचं. हे ठरवताना आईला कुणी विचारलं नाही, पण तिला सगळं कळत होतं.

सप्टेंबरअखेर फिनिक्सला गाडी ताब्यात घेतली. तीस फुटी. तुम्ही बेत करत असाल तर आधीच सांगते, बुकिंग चार-पाच महिने आधी करा. जाहिरातीतल्या रोजच्या भाड्यावर भाळू नका. मैलांचे पैसे वेगळे, भांड्याकुंड्यांचे वेगळे, अंथरुणांचे वेगळे. आणि पेट्रोल ही बया अशी पिते की पंपावर उभं राहताना माझा नवरा समीर मीटरकडे पाठ करायचा. आम्ही सहा जण होतो. दादा, पल्लवीवहिनी, त्यांची कॉलेजात जाणारी ईरा, समीर, मी आणि आई. आमचे चिरंजीव ऐन वेळी असाइनमेंटचं कारण सांगून कटले.

निघण्याआधी दादानं आम्हा सगळ्यांना गाडीत बसवून क्लास घेतला. टाक्या तीन असतात. एक स्वच्छ पाण्याची, एक भांडी-अंघोळीच्या सांडपाण्याची आणि एक संडासची. तिसरी त्यानं फार रंगवून सांगितली. ती कशी भरते, भिंतीवरचे दिवे कसे एकेक करत लागतात, भरली की काय होतं, आणि ती रिकामी करायला तो आणि समीर हातमोजे घालून, जाडजूड पाइप जोडून कसे उतरणार आहेत. जरा जपून वापरा, असं त्यानं दोनदा बजावलं. ईरा म्हणाली, "डॅड, वी गेट इट." संडास म्हणजे शेगडीच्या समोर एक कपाट, त्याला पापडाएवढ्या जाडीचं घडीचं दार, आणि दारापासून हातभर अंतरावर जेवायचं टेबल. आई मांडीवर हात ठेवून सगळं नीट ऐकत होती. आम्हाला वाटलं, तिला मजा वाटतेय.

फिनिक्सहून फ्लॅगस्टाफ आणि पुढे हायवे ८९ नं पेज नावाचं गाव. कारनं साडेचार तासांचा रस्ता, आरव्हीला सहा धरा. फ्लॅगस्टाफच्या चढावर मागच्यांच्या शिव्या खायची तयारी ठेवा. वहिनीनं धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती, ती फ्लॅगस्टाफपुढे एका पाइनच्या झाडाखाली संपवली. आणखी एक सूचना, फोडणी गाडीत करू नका. पहिल्याच संध्याकाळी मोहरी तडतडली आणि धुराचा अलार्म असा कोकलला की शेजारच्या आरव्हीतला म्हातारा बॅटरी घेऊन आला. नंतर आम्ही छोटी शेगडी बाहेरच्या बाकावर मांडायला लागलो आणि तोच म्हातारा वासावर आला. त्याला आमटी दिली.

हॉर्सशू बेंडला सकाळी लवकर जा. पार्किंगपासून चालणं थोडंच आहे, पण वाटेत सावलीचं नाव नाही. कठड्याशी पोचलं की पायाखाली हजार फूट खोल हिरवीगार नदी अख्ख्या डोंगराला वळसा घालून जाते. मी दोनदा पाहिलंय, तरी एक पाऊल मागे सरकले. आई पंजाबी ड्रेस आणि ईराचे जुने बूट घालून तुरुतुरु चालत आली, कठडा धरून बराच वेळ बघत राहिली, आणि मग विचारलं की खाली जायला वाट नाही का. नदी एवढ्या वरून बघून काय करायचं, पाण्याला हात तर लागला पाहिजे. समीरनं तिथंच फोन काढून परतीच्या वाटेवरच्या राफ्टचं, म्हणजे नदीतून फिरवणाऱ्या रबरी होडीचं, बुकिंग केलं. दादानं त्याला बाजूला घेऊन पैसे परत मिळतात का ते विचारून घेतलं.

दुपारी स्लॉट कॅन्यन. तिथं गाइडशिवाय सोडत नाहीत. आमची गाइड इथल्या मूळच्या नावाहो जमातीची मुलगी होती, ईराच्याच वयाची. वेळेची एक गंमत लक्षात ठेवा. पेजचं घड्याळ एक, आजूबाजूच्या नावाहो भागाचं एक तास पुढे, आणि फोन बिचारा टॉवर बघून वेळ बदलतो. टूर कुठल्या घड्याळानं आहे ते विचारूनच निघा. आत दोन्ही भिंती इतक्या जवळ येतात की तिरकं होऊन सरकावं लागतं. लाल दगड, वरून पडलेला उन्हाचा पट्टा. वहिनीनं एवढे फोटो काढले की गाइडला तिला दोनदा पुढे ढकलावं लागलं. आई लोखंडी शिड्या स्वतः उतरली. दादा खाली हात पसरून उभा, जणू ती आता पडलीच. ती पडली नाही. मी मनात म्हटलं, चला, एक दिवस पदरात पडला.

बाहेर आल्यावर गाइडनं सगळ्यांना पाणी प्यायला लावलं. आईनं बाटली तोंडाला लावली आणि खाली ठेवली. संध्याकाळी चहा नको म्हणाली. आता माझी आई चहा नको म्हणते म्हणजे काहीतरी बिनसलंय हे शेंबड्या पोरालाही कळावं. मला वाटलं, दमली असेल.

पेजहून युटातल्या ब्राइस कॅन्यनच्या नॅशनल पार्कला जाताना कॅनॅबला पेट्रोल, भाजी आणि दही घ्या, पुढे सगळं महाग. रस्ता मात्र असा सुंदर की दादासुद्धा इंजिनबद्दल बोलायचा थांबला. ब्राइस आठ हजार फुटांवर आहे. हवा कोरडी खडखडीत, ओठ फुटतात, आणि रात्री स्वेटरवर जॅकेट लागतं. तिथल्या कॅम्पग्राउंडवर गाडीला पाण्या-गटाराची जोडणी नसते. त्यामुळे दादाचा दुसरा क्लास झाला. टाकीचे दोन दिवे लागलेत, आता फारच जपून. सार्वजनिक स्वच्छतागृह झाडांपलीकडे, काळोखातून जायचं. आई जेवताना दोन घास खाऊन उठली. ईरानं तेव्हाच म्हटलं होतं, "आजी इज नॉट ड्रिंकिंग एनीथिंग." आम्ही आईला पाणी पी म्हणालो, आई हो म्हणाली, आणि विषय संपला.

सकाळी सनराइज पॉइंटहून खाली बघितलं. दरीभर केशरी सुळके, हजारो, आणि त्यावर कोवळं ऊन. खाली उतरणारी क्वीन्स गार्डनची वाट सगळ्यांत सोपी समजतात. आईला थोडंसंच उतरायचं होतं. पहिलंच वळण गेलं आणि माझ्या हातातला तिचा हात एकदम गार लागला. वळून बघते तो चेहरा पांढराफटक. मनू, बसते मी, एवढं म्हणाली आणि माझ्यावर कलंडली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. दादा खालून धावत आला, आजवर त्याला मी असं धावताना पाहिलं नव्हतं. कुणीतरी डोक्यावर टोपी धरली. पार्कच्या माणसानं नाडी बघितली आणि ॲम्ब्युलन्स बोलावू का विचारलं, तर आईनंच हातानं नको केलं. दोघांनी हात धरून तिला हळूहळू वर आणलं, तोवर समीर कॅम्पवरून आरव्ही घेऊन आला. जवळच्या गावातलं छोटं हॉस्पिटल अर्ध्या तासावर. दादानं गाडी चालवली. मी मागे आईचे पाय मांडीवर घेऊन बसले होते आणि मनात नाही नाही ते येत होतं. खूप घाबरले होते मी. बाबांच्या वेळी मी विमानात होते, पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. गावाची पाटी दिसली तेव्हा दादा समोर बघतच म्हणाला की तिकिटाचा विषय संपला. आईचे डोळे मिटलेले होते, पण तिनं माझं बोट घट्ट धरलं.

तिथली नर्स पांढऱ्या वेणीची, धिप्पाड बाई होती. ईसीजी काढला, रक्त घेतलं. मग आईच्या हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली. नर्सनं दादाकडे बघून विचारलं की लघवीला कधी जाऊन आल्यात. दादा छताकडे बघायला लागला, समीर भिंतीवरचा तक्ता वाचायला लागला. आईनं मला हळूच सांगितलं, या दोघांना बाहेर पाठव.

इथं एक सांगायला हवं. माझी आई नर्स होती. सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या दवाखान्यात तिनं सगळी नोकरी केली. जुलाब-उलट्यांच्या साथीत किती जणांना सलाईन लावलं असेल, देव जाणे. आपल्याला काय होतंय हे तिला पहिल्या दिवसापासून कळत होतं.

"पाणी प्यायलं की जावं लागतं," ती म्हणाली. "ड्यूटीवर बायकांची सोय नव्हती. सकाळी दोन घोट घ्यायचे, मग घरी आल्यावर. अंगवळणी पडलंय मला."

मी म्हटलं, अगं पण इथं सोय आहे ना, गाडीतच आहे.

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा शाळेत गेले. "आयुष्यभर मी दुसऱ्यांचं काढलं. त्याचं काही वाटलं नाही. पण माझं माझ्या मुलानं काढायचं? समीररावांना सोबत घेऊन, हातमोजे घालून? मला नाही चालणार ते."

मग एकदम डोक्यात आलं आणि मी विचारलं, उन्हाळ्यात पडलीस तेव्हा काय झालं होतं? ती जरा ओशाळली. आदल्या दिवशी लग्नाला गेली होती, कराडच्या पुढे. कार्यालयातल्या संडासाला आतून कडी नव्हती. म्हणून सकाळपासून काही घेतलं नाही, भर उन्हातून परत आली, दुसऱ्या दिवशी उपास. हे तिनं ना काकूंना सांगितलं, ना डॉक्टरांना. असल्या गोष्टी काय सांगायच्या, म्हणाली.

डॉक्टर आला, तरुण पोरगा. हृदय ठणठणीत आहे, अंगातलं पाणी आणि क्षार कमी झालेत, सलाईननं उठून बसतील, असं म्हणाला. उन्हाळ्यातली हकिगत सांगितल्यावर त्यानं मान डोलावली आणि दोन्हीचं कारण तेच दिसतंय म्हणाला. मी हसायला लागले आणि मग रडायला लागले. नर्सनं मलाही एक ग्लास पाणी दिलं. जाता जाता सांगते, आईवडिलांना बोलावलंत तर व्हिजिटर इन्शुरन्स चांगला घ्या, आणि तो कागद गाडीत हाताशी ठेवा. आमचा वहिनीनं ठेवला होता.

दादा बाहेर फुटपाथच्या कडेला बसला होता. मी शेजारी बसून सगळं सांगितलं. त्यानं आधी विश्वासच ठेवला नाही.

"मी फक्त सिस्टीम समजावून सांगत होतो गं," तो म्हणाला.

आणि मग तोंडावर हात घेऊन रडायला लागला. हृदय बरं आहे म्हणून की टाकीच्या भाषणामुळे, कोण जाणे. मी त्याच्या पाठीवर थोपटत बसले. इतक्या वर्षांत एवढं हलकं मला वाटलं नव्हतं. आत गेलो तेव्हा आई उठून बसली होती आणि ईराला चहा कुठं मिळेल ते विचारत होती.

त्या रात्री गावातल्याच आरव्ही पार्कात राहिलो, सगळ्या जोडण्या असलेल्या. सकाळी टाकी रिकामी करायची होती. दादानं हातमोजे घातले तर आई खाली उतरली आणि म्हणाली, मला दाखव. दादा नको नको म्हणत राहिला. तिनं डब्यातून मोज्यांचा दुसरा जोड काढला, बाही वर केली आणि उभी राहिली. मग काय, दाखवलं त्यानं. पाइप आधी घट्ट बसवायचा, मग आधी संडासची टाकी सोडायची, नंतर सांडपाण्याची, म्हणजे पाइप धुऊन निघतो. आईनं दांडा ओढला, सगळं नीट गेलं का वाकून बघितलं, आणि पाइप पुन्हा एकदा धुवायला लावला. ड्यूटीवर असताना ती अशीच असणार. समीर गाडीतून बाहेरच आला नाही, शहाणा माणूस.

हात धुताना तिनं जाहीर केलं की आता रोज हे काम तिचं. आणि मग टॉवेलला हात पुसत, आवाज न चढवता दादाला म्हणाली, "विनू, तुझ्याकडे मी पडणार नाही, कबूल. पण सकाळी उठायचं कशासाठी, ते सांग मला. तिथं मी दोन घरी बीपी बघायला जाते, तिघींना इंजेक्शनं देते. इथं मला कोण बोलावणार?"

दादानं पाइप गुंडाळला, खणात ठेवला, खण लावला. खण नीट लागला होता तरी पुन्हा उघडून लावला. मग म्हणाला की तिकीट आहे तसं राहू दे.

तिथून पुढची ट्रिप म्हणजे खरी ट्रिप. ईरानं नियम केला की आजी त्या घडीच्या दाराआड गेली की बाकीच्यांनी खाली उतरून गाडीभोवती एक फेरी मारायची. या नियमामुळे आम्ही सगळेच बरेच चाललो. आईचा चहा दिवसाला चार कपांवर गेला. ब्राइसला परत जाऊन ती कड्यावरून सावकाश फिरली, आणि खाली उतरायचा हट्ट तिनं स्वतःच सोडला.

परत पेजला येऊन राफ्ट. ही अर्ध्या दिवसाची फेरी म्हाताऱ्या माणसांना घेऊन बिनधास्त करा. धरणाच्या खालचं पाणी संथ आहे, उसळतं पांढरं पाणी वगैरे काही नाही. मध्ये एका वाळूच्या काठावर थांबतात आणि तिथं स्वच्छतागृह आहे, हे मी बुकिंगच्या बाईला फोन करून मुद्दाम विचारून घेतलं होतं. दोन्हीकडे उभे लाल कडे, वर आकाशाची पट्टी. आईनं राफ्टच्या कडेला बसून कोपरापर्यंत हात पाण्यात बुडवला. पाणी बर्फासारखं गार. तिनं हात काढला नाही, उलट ओंजळभर पाणी दादाच्या मानेवर टाकलं. दादा किंचाळला आणि अख्खी राफ्ट हसली. त्या दिवशी ऊन, वारा, कडे, सगळं माझ्या नावावर लिहून दिल्यासारखं वाटत होतं.

गाडी परत केली, दादाची मंडळी मिशिगनला गेली, आई तिकिटाच्या तारखेपर्यंत आमच्याकडे चँडलरला राहिली. लोक विचारतात, एवढ्या खर्चात हॉटेलं केली असती तर सोपं नसतं का पडलं? पडलं असतं. हॉटेलात आईला स्वतःची बाथरूम मिळाली असती, ती धडधाकट घरी आली असती, पण उन्हाळ्यात का पडली ते कळलंच नसतं, आणि ठरलं काहीही असो, दादानं तिकीट रद्द केलं असतं. म्हणून मी आरव्हीबद्दल वाईट बोलत नाही.

दादानं विमानतळावर आईसाठी व्हीलचेअर सांगून ठेवली होती. आपल्याकडे आईवडिलांना एकटं पाठवायचं तर सगळेच सांगतात. काउंटरवर आईनं ती रद्द करायला लावली. खुर्ची ढकलणाऱ्याला दर वेळी बाथरूमसाठी थांब म्हणावं लागतं, आणि ते आपल्याच्यानं होत नाही, असं मला मराठीत समजावलं. येताना कशी आली होती ते मी विचारलं नाही. ती चालत सिक्युरिटीतून गेली. मी काचेपलीकडे बघत उभी राहिले. वाटलं, वळेल, हात करेल. ती वळली नाही. भिंतीवरच्या नळाशी थांबून तिनं बाटली भरली, तिथंच उभ्यानं अर्धी प्यायली, पाट्या वाचल्या, बाथरूमला जाऊन आली आणि पर्स खांद्याला लावून गर्दीत गेली.

गाडीत बसले तोच दादाचा फोन. गेली का, रडली का, त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "आधी पाणी प्यायली, मग बाथरूमला जाऊन आली, मग गेली."

"बरं झालं," तो म्हणाला.